मदत हवी आहे: सेशन संपलं की टेबलच्या जागी लॉगिनचं पान

वैतागवाडी: सेशन संपल्यावर 'शोधा' दाबलं की टेबलच्या जागेत अख्खं लॉगिनचं पान उमटतं, वरचा मेनू तसाच. कुठे कुठे कन्सोलमध्ये नुसतं 'अनएक्स्पेक्टेड टोकन <'. ४०१ ची (सर्व्हरच्या 'लॉगिन नाही' या उत्तराची) तपासणी लिहिली आहे, पण कोड तिथे पोचतच नाही. उद्या डेमो आहे, पटकन सांगा.

घाटमाथा: बॅकएंड कशात? सर्व्हरला कॉल जेक्वेरी लायब्ररीचे की ब्राउझरच्या फेचचे? नेटवर्क टॅबमध्ये स्टेटस काय? एवढं तरी लिहा हो.

सुपारीफोड: टॉमकॅट सर्व्हरला मुळात ३० मिनिटांचा सेशन टाइमआउट असतो. ४८० करा, विषय संपला.

घाटमाथा: संपला कसला? आठ तासांनी परत तेच.

खटपट्या: सेशन ठेवतंच कोण आता? जेडब्ल्यूटी वापरा, सही केलेलं टोकन.

घाटमाथा: टोकन काय अमरपट्टा घेऊन येतं? तेही संपतंच की.

खटपट्या: नवं टोकन मिळवून देणारी रिफ्रेश टोकन नावाची गोष्ट ऐकली नाही वाटतं.

सोनटक्का: सेशन संपायच्या दोन मिनिटं आधी पॉपअप दाखवायचा असेल तर सेटटाइमआउट वापरा. माझ्याकडे तयार कोड आहे.

वैतागवाडी: पॉपअप नकोय! बॅकएंड जावात, लॉगिनला स्प्रिंग सिक्युरिटी आहे. जुनी पानं जेक्वेरीची, ती व्यवस्थित लॉगिनला जातात. नवी फेचवर आहेत. तिथे आधी ३०२ ('दुसऱ्या पत्त्यावर जा'), मग २०० ('सगळं ठीक') दिसतं.

घाटमाथा: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. ३०२ आला की ब्राउझर परस्पर लॉगिनच्या पानावर जातो आणि तुमच्या कोडच्या हाती २०० आणि एचटीएमएल ठेवतो. जेक्वेरी आपल्याच डोमेनच्या कॉलला 'एक्स-रिक्वेस्टेड-विथ' हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी चिठ्ठी) आपसूक लावते, फेच लावत नाही. तुमच्या सर्व्हरवर कोणीतरी तोच हेडर बघून ४०१ पाठवायची सोय केलेली दिसते. फेचमध्ये तो हाताने घाला. आणि ४०१ आला म्हणून फेच चुका पकडणाऱ्या कॅचमध्ये जात नाही, स्टेटस स्वतः तपासा.

मोडीवाला: नव्या पानांवर लॉगिन केल्यावर डॅशबोर्डऐवजी नुसता जेसन (कच्चा डेटा) दिसतो का? स्प्रिंग अडवलेली रिक्वेस्ट लक्षात ठेवतं आणि लॉगिननंतर तिथेच नेऊन सोडतं. हेडर लावलात की तेही थांबेल.

वैतागवाडी: हो, दिसायचा! टेस्टरने वेगळा बग टाकलाय त्याचा. हेडर लावला, दोन्ही गेले. आता डॅशबोर्डवर चार कॉल एकदम जातात आणि 'पुन्हा लॉगिन करा' चार वेळा येतं.

घाटमाथा: सगळे फेच एकाच फंक्शनमधून न्या, पहिल्या ४०१ ला फ्लॅग ('निरोप दाखवला' अशी खूण) लावा, बाकीचे गिळा.

सोनटक्का: माझ्या पॉपअपच्या कोडमध्ये असा फ्लॅग आहे. पाठवू का?