रुग्णांच्या नातेवाइकांसाठी दर रविवारी १०० जणांचं जेवण, दूध-तुपाशिवाय: प्रमाण आणि कामाची शिस्त

प्रश्न | रानजाई

आमचा आठ जणांचा गट आहे. सगळे रोज थोडा वेळ ध्यानाला बसणारे. जिल्हा रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना दर रविवारी दुपारी साडेअकराला जेवण द्यायचं ठरवलं आहे, साधारण १०० माणसं. जेवण पूर्ण वनस्पतीजन्य हवं: तूप, दही, ताक, दूध काहीच नाही. पोटभर व्हावं, पण आजारी माणसाजवळ बसून दमलेल्यांना जड पडू नये. स्वयंपाक एका कार्यालयाच्या स्वयंपाकघरात होईल, तिथून रुग्णालय वीस मिनिटांवर.

विचारायचं ते असं. एक, मुगाच्या खिचडीचं १०० जणांचं नेमकं प्रमाण काय, आणि तूप नसेल तर चव कशी आणायची? दोन, अन्न सुरक्षित कसं न्यायचं? तीन, आठ जण एकत्र आले की गडबड, गप्पा, फोटो सुरू होतात आणि सेवेचं भान निसटतं. ते टिकवायला कामाची मांडणी कशी करावी?

उत्तर १ | पितळी_पळी

रानजाई, प्रमाण आधी घ्या. तांदूळ ७ किलो, मुगाची डाळ साडेतीन किलो, भाज्या ५ किलो (दुधी, गाजर, फरसबी, मटार). शिजून साधारण ५० किलो खिचडी होते, म्हणजे माणशी अर्धा किलो. त्यासोबत चटणी आणि सार असेल तर मोठ्या माणसाचं एक पूर्ण जेवण झालं.

तांदूळ जुना कोलम घ्या. इंद्रायणी आणि आंबेमोहोर घरच्या खिचडीला सुरेख, पण तासभर झाकून ठेवल्यावर त्यांचा गोळा होतो आणि पळीने वाढता येत नाही. ८० लिटरच्या एका पातेल्यापेक्षा ४० लिटरची दोन जाड बुडाची पातेली केव्हाही चांगली. मोठ्या पातेल्यात खालचं करपतं, मधलं शिजतं आणि वरचं कच्चं राहतं. शिवाय ते उचलायला चार माणसं लागतात. खाली दिलेलं सगळं दोन पातेल्यांत निम्मं-निम्मं करा.

तेल एक लिटर (सूर्यफुलाचं), मोहरी ८० ग्रॅम, जिरं १०० ग्रॅम, हिंग २० ग्रॅम, हळद ६० ग्रॅम, किसलेलं आलं पाव किलो, हिरवी मिरची १५० ग्रॅमच. रांगेत म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतात, तिखट बेतानं ठेवा. मीठ आधी ४०० ग्रॅम घाला, शिजल्यावर चव बघून आणखी १०० ग्रॅमपर्यंत.

पाण्यात बहुतेकांचं चुकतं. घरी वाटीला साडेतीन वाट्या पाणी लागतं म्हणून तोच हिशेब इथे लावला की पेज होते, कारण मोठ्या पातेल्यात वाफ त्या मानाने कमी उडते. एकूण ३६-३८ लिटर पुरतं. त्यातलं ३० लिटर सुरुवातीला घाला, बाकीचं शेजारच्या शेगडीवर उकळतं ठेवा आणि लागेल तसं सोडा. थंड पाणी ओतू नका. उकळी मोडते, डाळ बोटचेपी राहते आणि तांदूळ तोवर फुटतो.

डाळ आधी मंद आचेवर कोरडीच भाजा. रंग बदलायची वाट बघायची नाही, खमंग वास आला की उतरवायची. मग तांदूळ आणि डाळ वेगवेगळे धुऊन अर्धा तास भिजवा. फोडणीत आलं-मिरची, त्यावर भाज्या, मग निथळलेली डाळ. पाणी घालून डाळ अर्धवट शिजली की तांदूळ. डाळ जड, ती खाली बसते, म्हणून या टप्प्यावर लांब दांड्याच्या उलथण्याने दर तीन-चार मिनिटांनी बुडापर्यंत ढवळायचं. पाणी आटत आलं की आच एकदम मंद करून झाकण ठेवायचं.

तरीही बुडाला लागलंच तर ढवळू नका आणि खरवडू नका. वरची खिचडी अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा आणि खालचा दोन-तीन बोटांचा थर तसाच सोडा. एकदा ढवळलं की करपट वास सगळ्या पातेल्यात जातो, आणि तो फोडणीने झाकत नाही.

तुपाचं काय? तूप दोन गोष्टी देतं: वास आणि ओलावा. वासासाठी पाव लिटर तेलाची लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी अगदी शेवटी वरून घाला. लसूण न खाणारे असतील तर एका पातेल्यावर नुसती जिरं-कढीपत्त्याची. ओलाव्यासाठी खिचडी जरा सैलच उतरवा, वाटेत ती आणखी आळते. सोबत कारळ्याची चटणी. एक किलो कारळे पुरतात, माणशी चमचाभर. कारळ्यात तेल भरपूर असल्याने खिचडीवर ही चटणी पडली की तूप आठवत नाही. कारळे मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा आणि पूर्ण गार करूनच वाटा, गरम वाटले तर तेल सुटून लगदा होतो.

शेंगदाण्याचा कूट खिचडीत मिसळू नका. काही जणांना दाण्याची ॲलर्जी असते आणि अशा रांगेत ती सांगायची कुणाला सवय नसते. वेगळा ठेवा, विचारून वाढा. कुबट किंवा काळपट दाणे वेचून फेकून द्यायचे. बुरशीचं विष भाजून जात नाही.

ताकाऐवजी आमसुलाचं सार. १२ लिटरला ४०० ग्रॅम आमसुलं कोमट पाण्यात तासभर भिजवून दोनदा पिळून घ्या, गूळ ६०० ग्रॅम, जिरं-मिरचीची हलकी फोडणी, कोथिंबीर. मीठ शेवटी, कारण आमसुलांत ते आधीच असतं. सार स्टीलच्याच भांड्यात करायचं आणि न्यायचं. ॲल्युमिनियमच्या भांड्याला आंबट लागलं की धातू सारात उतरतो आणि चवही बिघडते. नारळाच्या दुधाची सोलकढी उन्हाळ्यात या कामाला नको, दोन-तीन तासांत उतरते.

माणशी लिंबाची एक फोड ठेवा, २५ लिंबं पुरतात. डाळीतलं लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते.

उत्तर २ | झाकण_आधी

भाताच्या पदार्थात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूची खरी भीती. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि उलट्या घडवणारं ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून "तिथे गेल्यावर गरम करू" हा उपाय नव्हे. खिचडी उतरल्यापासून शेवटच्या माणसाच्या ताटात पडेपर्यंत ६० अंशांच्या वर राहिली पाहिजे.

साडेअकराला वाढायचं तर फोडणी पावणेदहाला, खिचडी अकराच्या आत तयार, अकरा-दहाला गाडी. आठ वाजताच करून ठेवू नका, लवकर आवरल्याचं समाधान सोडून त्यात काही मिळत नाही. इन्सुलेटेड डबे आधी उकळत्या पाण्याने भरून दहा मिनिटं ठेवा, ओता, मग खिचडी भरा. गार डबा पहिल्या पाच मिनिटांतच बरीच उष्णता खातो. डबे काठोकाठ भरा. खुपसायचा थर्मामीटर घ्या आणि निघताना व पोहोचल्यावर डब्याच्या मध्यभागी तापमान बघून वहीत लिहा. ती वही पुढे फार कामाला येते.

उरलेलं दुसऱ्या दिवशीसाठी नाही. खोल पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं तरी मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. १०० माणसांचं जेवण केलं आणि ८० आली, तर तिथल्याच सफाई कामगारांना, सुरक्षारक्षकांना, रिक्षावाल्यांना गरम असतानाच वाढून संपवा.

परवानगीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आधी तेच करा. रुग्णालयाच्या अधीक्षकांकडून लेखी परवानगी आणि जागा घ्या. फुकट अन्न वाटणाऱ्यांनाही एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारे त्यांच्या नियमांतल्या छोट्या व्यावसायिकांच्या व्याख्येतच येतात. अर्ज ऑनलाइन होतो. प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा पत्रावळी किंवा स्टीलची ताटं.

आणि दाखल रुग्णाला स्वतःहून काही देऊ नका. मूत्रपिंडाच्या रुग्णाला ही डाळ, नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्याला हा घास चालेलच असं नाही. नातेवाइकाने वर नेण्यासाठी डबा मागितला तर एकच सांगायचं: तुम्ही जेवा, त्यांच्यासाठी सिस्टरना विचारा.

उत्तर ३ | ओटा_आणि_आसन

तिसऱ्या प्रश्नासाठी विपश्यना केंद्रांतली धम्मसेवेची पद्धत बघण्यासारखी आहे. तिथे सेवक दिवसभर काम करतात, पण सकाळी ८ ते ९, दुपारी अडीच ते साडेतीन आणि संध्याकाळी ६ ते ७ या सामूहिक साधनेला तेही बसतात. म्हणजे स्वयंपाकाचं वेळापत्रक साधनेभोवती रचलेलं असतं. काम उरकलं तर बसू, असं ठेवलं की बसणं कधीच होत नाही. तुम्हीही सव्वाआठला सगळे हजर, लगेच पंधरा मिनिटं शांत बसणं, आणि त्यानंतरच पहिली शेगडी पेटवायची. उशिरा येणाऱ्यासाठी थांबायचं नाही.

मग एका माणसाला एकच काम. दोघं भाज्या, दोघं पातेल्यांवर, एक सारावर, एक चटणी आणि लिंबं, एक भांडी आणि ओटा. आठवा माणूस हाताने काहीच करत नाही. तो घड्याळ, मोजमाप आणि वही बघतो, आणि बोलणारा तो एकटाच. बाकीच्यांनी कामापुरतं, हळू आवाजात. मीठ दोनदा पडतं ते बहुतेक याच कारणाने: दोघांना वाटतं, दुसऱ्याने घातलं नसेल. मीठ, हळद, गूळ आदल्या रात्री मोजून, चिठ्ठी लावून पिशव्यांत भरून ठेवा. पिशवी रिकामी दिसली की पडलं. एवढी साधी सोय केली की डोकं रिकामं राहतं आणि लक्ष हाताकडे जातं.

भान ठेवायचं म्हणजे काय करायचं, तर विळी किंवा सुरी चालवताना नजर पात्यावर, बोलायचं असेल तर आधी हात थांबवायचा. पातेलं ढवळणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीवर रोवलेले आहेत का, खांदे वर चढलेत का, श्वास रोखलाय का, एवढंच अधूनमधून बघायचं. पातेल्यावरची माणसं वीस मिनिटांनी बदला. धूर आणि उष्णतेने माणूस चिडचिडा होतो आणि पुढे तीच चिडचिड रांगेत उतरते.

वाढताना पळी एकाच मापाची, पाव लिटरची. प्रत्येकाला विचारायचं, "किती वाढू?" एक पळी म्हणाला तर एकच. दुसऱ्यांदा मोकळेपणाने मिळतं हे रांगेच्या सुरुवातीलाच सांगा, म्हणजे कुणी भीतीने जास्त घेऊन टाकत नाही. घेणाऱ्याच्या ताटाकडे न बघता चेहऱ्याकडे बघा, पण आजार काय आहे, कोण दाखल आहे, हे विचारू नका. ते त्यांना सकाळपासून दहा जणांनी विचारलेलं असतं. फोटो अजिबात नकोत. जेवण घेणाऱ्या माणसाचा चेहरा आपल्या ग्रुपवर टाकायचा हक्क आपल्याला नाही. फोन एका पिशवीत, पिशवी गाडीत.

आहाराचं प्रवचनही रांगेत नको. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, उपदेश रात्री कीर्तनात. जत्रेतल्या पशुहत्येविरुद्ध ते आयुष्यभर बोलले, पण भुकेल्याला जेवायला घालताना त्यांनी अट घातली नाही. तुमच्या जेवणात दूध-तूप नाही हे कुणी विचारलं तरच सांगा.

परत आल्यावर भांडी घासणं हा सेवेचाच भाग धरा, मागे राहिलेलं ओझं नव्हे. आठही जणांनी थांबायचं. ओटा कोरडा झाला की पुन्हा पाच मिनिटं बसून मगच घरी.

रानजाई

तिघांचेही मनापासून आभार. दोन शंका उरल्या. लोक चहा मागतील, त्याचं काय? आणि आमच्यातले पाच जण आता घरीही दूध पूर्ण सोडत आहेत. दर आठवड्याला एवढं उभं राहून काम करायचं तर त्यांनी काय सांभाळावं?

उत्तर ४ | नाचणी_सत्त्व

चहा गवती चहा, आलं आणि गुळाचा द्या. १० लिटरला गवती चहाच्या दोन मोठ्या जुड्या, आलं २०० ग्रॅम, गूळ ६०० ग्रॅम. जेवणाबरोबर चहापत्तीचा चहा नकोच, त्याने लोह कमी शोषलं जातं. सोयाबीनचं दूध उकळत्या चहात फाटतं, त्या वाटेला जाऊ नका.

दूध सोडणाऱ्यांनी पहिली गोष्ट बी-१२ची. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधातून मिळतं. दूध गेलं की तो झराही आटतो. इडलीचं आंबवण, स्पिरुलिना, न धुतलेली भाजी, यातलं काहीही भरवशाचं नाही. सायनोकोबालामिनची, म्हणजे बी-१२ची गोळी घ्यावीच लागते. आधी रक्तातली पातळी तपासा आणि डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. साखरेसाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी पँटोप्राझोल बराच काळ चालू असेल तर आवर्जून सांगा, दोन्हींमुळे बी-१२ कमी शोषलं जातं. कमतरता हळूहळू येते: पायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा. लोक ते वयावर किंवा कामावर ढकलतात, आणि उशीर झाला तर मज्जातंतूंचं नुकसान पूर्ण भरून येत नाही.

कॅल्शियमला नाचणी, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम. न सोललेले तीळ त्याहून कितीतरी जास्त, रोज दोन चमचे भाजून चावून किंवा कुटून खा. अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडतात. पालकावर विसंबू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. प्रथिनांसाठी दोन्ही जेवणांत डाळ किंवा उसळ हवी, आणि पातळ वरणाच्या वाटीला उसळीची बरोबरी येत नाही.

सेवेच्या दिवशी उपाशीपोटी येऊ नका. सकाळी सातला नाचणीची भाकरी आणि मटकीची उसळ खाऊन या, पाण्याची बाटली आपापली. भट्टीजवळच्या दोघांनी तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाने पाणी प्यायचं. ती जबाबदारीही वहीवाल्याकडेच द्या.