मदत हवी आहे: ‘लेओम’ला मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी,

पुढच्या रविवारी आमच्या अभ्यासमंडळात ‘ज्यू राष्ट्र आणि नागरिकत्व’ यावर बोलायचंय आणि एका शब्दावर अडलेय. इस्राएलच्या लोकसंख्या नोंदणीत नागरिकत्व वेगळं आणि ‘लेओम’ (हिब्रू शब्द, माणूस कोणत्या लोकसमूहाचा ते) वेगळं लिहितात. नागरिकत्व इस्राएली, लेओम ज्यू किंवा अरब. तिथे ‘इस्राएली’ लिहा अशी मागणी काही नागरिकांनी केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये फेटाळली. ‘राष्ट्रीयत्व’ म्हटलं की आपल्याकडे लोक ‘भारतीय’ हेच समजतात. ‘जात’ तर साफ चूक. मग काय वापरू?

दुसरं म्हणजे बेने इस्राएल, आपले कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. लहानपणी अलिबागला आमच्या शेजारच्या आजींच्या दाराला तिरपी बसवलेली मेझुझा (धर्मवचनांची गुंडाळी ठेवलेली छोटी डबी) होती. आत-बाहेर करताना त्या तिला बोट लावून ओठांना टेकवायच्या, आणि लगेच अस्सल आगरी ठसक्यात कोळणीशी घासाघीस. असे आपले लोक, ज्यूंना इस्राएलमध्ये येऊन राहायचा हक्क देणाऱ्या 1950च्या परतीच्या कायद्याने तिथे गेले, नागरिक झाले, आणि लग्नाच्या वेळी मात्र तिथलं ज्यू धर्मगुरूंचं धर्मपीठ त्यांचं ज्यूपण तपासायला लागलं! आंदोलनं झाली, 1964 मध्ये क्नेसेटने (इस्राएलच्या संसदेने) ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर केलं. राष्ट्र ज्यूंचं, पण ज्यू कोण हे ठरवणार कोण? मला हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

इस्राएल हे ज्यूंचं राष्ट्र असं सांगणाऱ्या 2018च्या राष्ट्र-राज्य कायद्याने अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जा गेला, त्यावरही बोलेन.

कुणाच्या घरी त्या आंदोलनाच्या आठवणी असतील, किंवा कुणाला हिब्रू येत असेल, तर कृपया शनिवारपर्यंत लिहा.