मदत हवी आहे: 1974 ची रिस्टोअर केलेली महिंद्रा सीजे-3बी विक्रीला आहे, घ्यावी का? नागपूर

उमरेड_रोड
कामठी रोडवर एक जीप विक्रीला आहे. महिंद्रा सीजे-3बी, पहिली नोंदणी 1974, पेट्रोल हरिकेन इंजिन, तीन गिअर, फोर बाय फोर. विकणारा म्हणतो, नटबोल्टपासून खोलून पुन्हा बांधली आहे. रंग मॅट ऑलिव्ह ग्रीन, सीट-हूड नवीन, टायर 6.00-16 नवे, खालून काळं रबर कोटिंग. मागणी साडेसहा लाख. आर.सी. त्याच्याच नावावर, नंबर जुना तीन अक्षरी. वापर म्हणाल तर रविवारी रामटेक, कधी पेंचकडे. शनिवारी पाहायला जायचं आहे. नेमकं काय तपासायचं? आणि "50 वर्षं झाली, व्हिंटेज करून घ्या, कटकट संपली" असं तो म्हणतो, ते खरं का?

आरसीबुक
रंगापासूनच सुरुवात करा. ऑलिव्ह ग्रीन रंग केंद्रीय मोटार वाहन नियम 121 प्रमाणे फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. जीपवर शोभतो म्हणून सर्रास मारतात, पण पासिंगला हीच गाडी परत पाठवतात. पुन्हा रंगवायचा खर्च आणि आर.सी. वर रंगाची दुरुस्ती, दोन्ही विकणाऱ्याच्या गळ्यात घाला.

व्हिंटेजचं अर्धंच खरं आहे. 2021 च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी त्यात बसते. नोंदणी शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात 'व्हीए'. पण मग ती रोजच्या रस्त्यावरची गाडी राहत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. तुमचं रविवारचं रामटेक त्यात बसत नाही. शिवाय चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झाला असेल तर तसाही अर्ज अडतो.

तेव्हा साधी नोंदणीच चालू ठेवा. 15 वर्षांनंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवायची, फॉर्म 25 वर. 20 वर्षांवरच्या हलक्या वाहनाला हे शुल्क ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. आर.सी. वर मुदत कधीपर्यंत आहे ते वाचा, नुसतं "पासिंग आहे" ऐकून घेऊ नका.

सगळ्यात मोठी अडचण जुन्या नंबराची. 1989 आधीच्या नंबरांच्या कितीतरी गाड्या 'वाहन' या सरकारी नोंदणी पोर्टलवर चढलेल्याच नाहीत. तिथे नंबर टाकून पाहा. दिसत नसेल तर आधी त्याच्या आरटीओत बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या पुस्तकातली माहिती पोर्टलवर चढवून घ्यायला सांगा. मूळ पुस्तक त्याच्या हातात आहे तोवर हे काम त्याचंच. नोंद नसेल तर नाव बदलणं, पीयूसी, नवी नंबरप्लेट, सगळं लटकतं. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म 28 ची एनओसीही. एमएच-31 शहर, एमएच-40 ग्रामीण, एमएच-49 पूर्व नागपूर, म्हणजे गावातल्या गावातही कार्यालय बदलू शकतं.

पाटा_शॅकल
रंग पाहून भुलू नका भाऊ. या गाडीचा जीव खाली असतो, आणि खाली त्यानं रबर फासून ठेवलं आहे. शंका तिथेच घ्या.

सोबत न्या: विजेरी, छोटी हातोडी, पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरातला दाब मोजायला).

चासी हातोडीनं ठोकत जा. मागच्या पाट्यांचे शॅकल बसतात ती जागा, पुढचा क्रॉस मेंबर आणि गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर, इथे आवाज खणखणीत यायला हवा. भद्द आवाज आला की रबराखाली गंज किंवा लांबी (पुट्टी). चासी नंबराच्या आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे किंवा ताजं वेल्डिंग असेल तर भाव करायच्या भानगडीत न पडता परत या. इंजिन नंबर ब्लॉकच्या पुढच्या तोंडाला, पाण्याच्या पंपाजवळच्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. तो आर.सी. शी अंक-अंक जुळवा.

बॉडी नवीन पत्र्याची बनवलेली असू शकते. हरियाणातल्या डबवालीहून तयार बॉड्या येतात, त्यात वाईट काही नाही, पण मग "ओरिजिनल" म्हणून पैसे मागू नये. फ्लोअरखालच्या चॅनलमध्ये पाणी साठतं, तिथे बोट घालून पाहा. चुंबक जिथे धरत नाही तिथे लांबी. ड्रायव्हरची सीट उचला, टाकी तिच्याखालीच असते. वास आला किंवा तळाला ओल दिसली तर टाकी गेली.

पुढचं चाक जॅकवर घ्या. वर-खाली धरून हललं तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ) किंवा बेअरिंग, आडवं धरून हललं तर स्टीअरिंगचे टाय रॉड आणि मधला बेल क्रँक. खड्ड्यानंतर 50 च्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं ते बहुतेक यातूनच, बॅलन्सिंगनं जात नाही. चाकामागच्या गोलाकार नकलमधून (वळणाऱ्या सांध्यातून) ग्रीस पाघळत असेल तर सील, काम किरकोळ. पूर्ण वळवून हळू चालवताना टकटक आली तर आतला जॉइंट, काम महाग.

गिअरबॉक्समागे ट्रान्सफर केस असते, दोन्ही ॲक्सलला ताकद वाटणारी; हँडब्रेक तिच्या मागे ड्रमवर असतो. केसमधून तेल गळलं की सरळ त्यात जातं, म्हणून "हँडब्रेक थोडा ढिला आहे" याचा अर्थ केसचं सील विचारा. चालते ब्रेक चारही ड्रम, बूस्टर नाही, सर्किट एकच. एक पाइप फुटला की चारही गेले. सगळे ब्रेक पाइप आणि होज नवे आहेत का, बिल पाहा.

फोर बाय फोर डांबरावर लावू नका, गुंडाळा बसतो, म्हणजे दोन्ही ॲक्सलमध्ये ताण अडकतो. मातीवर आधी पुढचा ॲक्सल जोडा, मग लो (हळू, जास्त जोराची रेंज). सुटताना लिव्हर अडकत असेल किंवा केसमधून रडका आवाज येत असेल तर मधला शाफ्ट आणि त्याची बेअरिंगं झिजली.

भरउन्हात
मूळ 5.38 गुणोत्तराचा डिफरन्शियल असेल तर 80 ला इंजिन साधारण 3200 आरपीएमवर असतं. ही 60 ची गाडी, हायवेवर तेवढंच अपेक्षित धरा.

नागपूरच्या मे महिन्यात दोन गोष्टी त्रास देतात. रेडिएटर, आणि पेट्रोलची लाइन. लाइन एक्झॉस्टजवळून गेली असेल तर पेट्रोलची वाफ होते, सिग्नलला बंद पडली की तासभर चालू होत नाही. लाइन दूर घ्या, कार्ब्युरेटरखाली जाड इन्सुलेटर गॅस्केट टाका. इलेक्ट्रिक पंप हा जुगाड आहे, दाब जास्त झाला तर फ्लोटची सुई दाबते आणि पेट्रोल वाहतं. आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुना पंप डायफ्राम आणि रबरी होज टिकत नाहीत. नवे घालायचे ते इथेनॉल चालणारेच.

उमरेड_रोड
जाऊन आलो. चासी खणखणीत, दोन्ही नंबर जुळले. पोर्टलवर गाडी दिसत नाही, बॅकलॉगचं तो करून देणार. गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडून, चारही प्लग काढून कॉम्प्रेशन (पीएसआयमध्ये): 118, 115, 92, 117. तो म्हणतो, "तीन नंबर चालतो, जुनी गाडी आहे."

पाटा_शॅकल
सिलिंडरांत 10 पेक्षा जास्त फरक चालत नाही. पण 92 पाहून लगेच इंजिन उघडायची भाषा करू नका. तिसऱ्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाका, दोन-तीनदा फिरवा, पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह, आणि माझा अंदाज तोच आहे.

कारण हे एफ-हेड इंजिन. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. वरचं झाकण काढून इनटेक टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) सगळेच लावतात. एक्झॉस्टचे टॅपेट ब्लॉकच्या बाजूच्या झाकणामागे असतात, जागा अडचणीची, म्हणून राहून जातात. गॅप मिटत जातो, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, पुढे जळतो. थंड इंजिनावर इनटेक 0.018 इंच, एक्झॉस्ट 0.016 इंच. बाजूचं झाकण त्याच्या मेकॅनिककडून तुमच्यासमोर उघडवा, तिसऱ्याचा एक्झॉस्ट गॅप फीलरनं पाहा. कमी असेल तर लावा, अर्धा तास चालवा, पुन्हा कॉम्प्रेशन घ्या. 110 च्या वर आलं तर तेवढ्यावर निभावलं. नाही आलं तर व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक (सीट) कापायचा खर्च मागणीतून वजा करायला सांगा, आणि बयाणा बॅकलॉगची नोंद पोर्टलवर दिसल्यावरच द्या.