अनुभव धागा: पोर्ट ब्लेअरचं बारमाही दमट हवामान आणि आपण खान्देशी

भाच्याची पोर्ट ब्लेअरला बदली झाली आहे. 2024 पासून गावाचं नाव श्री विजयपुरम आहे, पण आमच्या तोंडी अजून जुनंच. पोरगा जळगावात वाढलेला, म्हणतो, "मामा, 45 डिग्री काढलेत, तिथं 30 मध्ये काय होणार?" मी तिथं तीन वर्षं काढली आहेत, म्हणून हा धागा. जे राहून आलेत किंवा ज्यांची मुलंबाळं तिथं आहेत, त्यांनी लिहा. फिरायला गेलेल्यांनीही लिहा, पण सेल्युलर जेल पाहून कसं भरून आलं ते नको. ते आपल्या सगळ्यांनाच येतं. हवेबद्दल लिहा.

सुरुवात माझ्यापासून. तिथं दुपारी 29 ते 32, रात्री 23 ते 25, आणि हे बारा महिने. पाऊस वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास. आपल्या जळगावात 700 पडला तर आपण चांगलं साल म्हणतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात बातमी येते ना, "मान्सून अंदमानात दाखल"? इथं ती वाचून माणसं बागायती कापसाच्या सऱ्या पाडायला घेतात. तिथं ती बातमी आपल्या डोक्यावर पडत असते. पहिल्या वर्षी मी आनंदाने भिजलो. ऑक्टोबरात वाटलं, संपला. तर वारं फिरलं आणि ईशान्येकडचा सुरू झाला, तो डिसेंबरपर्यंत. खरी उघडीप जानेवारी ते एप्रिल, तेवढीच.

चोपडा, गृहिणी

दादा, भाच्याला पापडांचं आधी सांगा. मी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आले होते, जाताना उडदाचे पापड, कुरडया आणि ज्वारीच्या बिबड्या असा मोठा डबा भरून नेला. आईने गच्चीवर दोन दिवस खडखडीत वाळवलेले, हातात घेतला की टचकन मोडायचा. जूनच्या शेवटी डबा उघडला तर वरचा पापड दुमडला, मोडला नाही. खालच्या थरावर हिरवट लव आली होती आणि बिबड्यांना कुबट वास. मी डबा मांडीवर घेऊन चक्क रडले. पापडांसाठी कोणी रडतं का, असं हे म्हणाले, पण त्यांनी लाटले नव्हते ना.

मग शेजारच्या बंगाली काकूंनी शिकवलं. पापड फ्रीजमध्ये ठेवायचे, मिठात तांदळाचे दाणे टाकायचे, आणि कपाटात खालच्या कप्प्यात 40 चा पिवळा बल्ब रात्रंदिवस चालू ठेवायचा. साड्या त्यापासून हातभर लांब, नाहीतर निराळंच काही व्हायचं! बल्ब गेला की दोन दिवसांत पैठणीला वास. चामड्याच्या पट्ट्यावर, चपलांवर पांढरी बुरशी येते, ती दर रविवारी पुसायची. इथं आपण वाळवण गच्चीवर टाकतो आणि विसरतो. तिथं गच्चीवर टाकलं की ढगाकडे डोळा.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

लेक तिथं असते. जाताना मी तिच्यासाठी कुलर पाठवायला निघालो होतो! जावई हसून म्हणाले, बाबा, नका. जाऊन पाहिल्यावर कळलं. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी, वाळ्याच्या ताट्यातून पाणी उडून जातं आणि वारा गार होतो. तिथं हवेतच इतकं पाणी की ताट्यातलं उडणार कुठे? कुलर लावला तर खोलीत ओल वाढते, बस. पंखा आणि उघडी खिडकी हाच उपाय.

दुसरं म्हणजे उजेड. घड्याळ आपलंच, पण गाव आपल्या पूर्वेला 17 अंश, म्हणजे सूर्य तासाभराहून जास्त आधी येतो. मे महिन्यात पाचच्या आत लख्ख उजाडतं, डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास दिवेलागण. चार वाजता चहा घेऊन फिरायला निघालो की परतताना अंधार.

नंदुरबारकडचा, सध्या धुळ्यात

मना आजा फिरीसन उना तो एकच बोलना: "घाम आठे बी येस, तठे बी येस. आठे वाळस, तठे वाळत नही." (आठे म्हणजे इथं, तठे म्हणजे तिथं.) बाकी काही विचारू नका.

यावल, केळीवाला

मी आठच दिवस होतो, पण नजर केळीवरच. घरामागे चार खोडं, कोणी लक्ष देत नाही, तरी पान कसं रुंद आणि कोवळं! आपल्याकडे जानेवारीत थंडीचा चरका आणि मे महिन्यात लू, दोन्हीकडून मार. पानं करपतात, घड सटकतात. तिथं ही दोन्ही भीती नाही. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. पण जमीन उताराची, पावसात माती धुपते, आणि थंडी नाही म्हणून भरताच्या वांग्याला ती चव नाही. एका घरी भरीत खाल्लं. केलं मनापासून होतं, एवढंच म्हणतो.

अमळनेर, बँकेत होतो

चेष्टा वाटेल, पण इतक्या पावसाच्या गावात मार्च-एप्रिलमध्ये पाणी दिवसाआड, कधी त्याहून उशिरा यायचं. डोंगर उताराचे, पाणी घटकेत समुद्राला मिळतं, साठवण मुख्यतः एका धनीखाडी धरणाची. शेजारी वैतागायचे. आम्ही पहिल्याच आठवड्यात दोन निळे ड्रम आणले. घरची सवय!

तिथल्या हवेचा खरा जाच वाटला तो वादळाच्या दिवसांत. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात काही शिजलं की बोटी बंद. कांदे-टोमॅटो मुख्य भूमीवरून येणारे, चार दिवसांत भाव चढतात. बाजारात मऊ पडलेले कांदे निवडताना लासलगाव आठवायचं.

धागा काढणारा, पुन्हा

ताई, बल्बचं आणि फ्रीजचं दोन्ही त्याला कळवलं. कुलर बांधून ठेवला होता, तो सोडवला.

उलट्या बाजूचं एक सांगायचं राहिलं. परत येताना मी पडाऊकचं छोटं स्टूल आणलं. तिथलं लाल लाकूड, देखणं. तिथं असताना घराची दारं फुगून बसायची, खांद्याने ढकलावी लागत. स्टूल मात्र घट्ट, कुठे सांधा दिसत नव्हता. जळगावातल्या पहिल्याच मे महिन्यात, दुपारी सगळे झोपलेले असताना, खोलीत काडकन आवाज झाला. बायको उठून बसली, म्हणाली, कोणी आलं का? पाहिलं तर स्टुलाला मधोमध चीर, नख आत जाईल एवढी. पावसाळ्यात ती थोडी मिटते.