गोळीचे साइड इफेक्ट डॉक्टरांनी आधीच सांगावेत, की न सांगितलेलेच बरे?

टेकडीवरचा

दोन वर्षांपूर्वी मला पॅरॉक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी सुरू झाली. रात्री तीनला जाग, छातीत धडधड, सकाळी ऑफिसची बॅग उचलणंही जिवावर यायचं. असं पाच महिने काढल्यावर गेलो. डॉक्टर वाईट नव्हते, उगाच खोटं कशाला बोलू. पण बाहेर पंचवीस माणसं ताटकळत होती. माझ्या वाट्याला जेमतेम ७ मिनिटं आली आणि निघताना एवढंच ऐकलं, "सुरुवातीला मळमळेल, जेवून घ्या."

मळमळ आठवड्यात गेली. दीड महिन्यात झोपही लागायला लागली. पण दुसरंच काहीतरी सुरू झालं. स्पष्टच लिहितो, नाहीतर टोपणनाव घेऊन काय उपयोग? बायकोच्या जवळ जावंसंच वाटेना, आणि गेलो तरी शेवटपर्यंत पोचणं होईना. मला वाटलं वय झालं (वय ३९!). तिला वाटलं, तिच्यातलंच काही आता आवडेनासं झालंय. एका रविवारी गादीवर चादर घालता घालता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "दुसरं कोणी आहे का?"

पुढे बरं वाटतंय म्हणून मी गोळी आपल्या मनानेच बंद केली. तिसऱ्या दिवशी स्कूटरवर सिग्नलला थांबलो होतो. उजवीकडून गाडी येतेय का बघायला डोळे फिरवले आणि डोक्यात करंट लागल्यासारखा झटका बसला. डोळे फिरवले की झटका, पुन्हा फिरवले की पुन्हा. अर्धांगाची सुरुवात असेल म्हणून घाबरून एमआरआय केला. रिपोर्ट स्वच्छ.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाइल बंद केली आणि विचारलं, "संबंध नीट आहेत का? गोळी एकदम सोडली होती का?" दोन प्रश्न, अर्धं मिनिट. दोन्ही गोष्टी या औषधाच्या ठरलेल्याच निघाल्या. मग पहिल्याच दिवशी त्या कुणी सांगितल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

अबोली

बिघडलं असतं. असहमत.

माझ्या धाकट्या भावाला सरट्रालिन, म्हणजे तसलीच डिप्रेशनची गोळी, लिहून दिली, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. घरी येऊन त्याने रात्रभर मोबाइलवर साइड इफेक्ट वाचले. तीन आठवडे पाकीट ड्रॉवरमध्ये तसंच पडून, एक गोळीही फोडली नव्हती. आम्हाला सांगायचा, "घेतली." नंतर अशी वेळ आली की त्याला घरात एकटं ठेवायची सोय राहिली नाही. आईने बाथरूमची आतली कडी स्क्रू काढून उपसून ठेवली. दादा घरी नसले की ती दाराबाहेर पाट टाकून बसायची, आत नळाचा आवाज येत राहिला पाहिजे म्हणून.

आता तो गोळी घेतो. सहा किलो वाढलाय, दुपारी पेंगतो, आणि नोकरी करतो. तुमचं दुःख खरं असेल, पण ते बरं झालेल्या माणसाचं दुःख आहे हो. जो अजून काठावर उभा आहे, त्याच्या हातात ही यादी देऊ नका.

हिशेबनीस

थोडे आकडे टाकतो, दोघांच्याही उपयोगाचे. २०२४ साली जर्मन संशोधकांनी ७९ अभ्यास एकत्र करून बघितले. गोळी बंद केल्यावर त्रास झालेले ३१ टक्के. पण ज्यांना नुसती पोकळ, औषधच नसलेली गोळी दिली होती, तीही बंद केल्यावर १७ टक्क्यांना त्रास झाला! म्हणजे साधारण सहा-सातांतल्या एकाला औषधामुळे खराच त्रास होतो, आणि बराचसा त्रास धास्तीचा किंवा मूळ आजाराचा असतो. फार तीव्र त्रास तीनेक टक्क्यांना.

आणि सगळ्या गोळ्या एका मापाच्या नाहीत. फ्लुओक्सेटिन शरीरातून आठवडेच्या आठवडे हळूहळू उतरते, सोडताना तिचा त्रास कमी. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन लवकर उतरतात, म्हणून झटके. टेकडीवरचा यांना नेमकी तीच मिळाली.

निर्मळ_वारा

मुळात हे विष घ्यायचंच कशाला? मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी होतं म्हणून डिप्रेशन येतं, हा सिद्धान्तच २०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी मोडीत काढला. पहाटे उठा, प्राणायाम करा, सूर्यनमस्कार घाला. आमच्या आजोबांना कुठे होतं डिप्रेशन?

हिशेबनीस

@निर्मळ_वारा, आजोबांना होतं की नाही, ते आजीला विचारायला हवं होतं.

२०२२ चा तो लेख मीही वाचलाय. सेरोटोनिन कमी असतं याला भक्कम पुरावा नाही, एवढंच त्यात आहे. गोळी का चालते ते नीट माहीत नसणं आणि गोळी चालतच नसणं यांत फरक आहे. २०१८ मध्ये २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र मांडल्या, लाखावर रुग्ण होते. एकवीसही औषधं पोकळ गोळीपेक्षा सरस ठरली. फरक अवाढव्य नाही, आणि चाचण्या बहुतेक आठ आठवड्यांच्या. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांबद्दल त्या फारसं बोलत नाहीत, हेही खरं. सूर्यनमस्कार जरूर घाला. पण ज्याला अंथरुणातून उठून दात घासणं होत नाही, त्याला पहाटे पाचचा गजर कोण लावून देणार?

केमिस्टकाका

तीस वर्षं काउंटरवर उभा आहे, म्हणून बोलतो. चिठ्ठीवर दोन गोळ्या असतात. एक डिप्रेशनची, दुसरी क्लोनाझेपाम, १५ दिवसांपुरती. महिन्याने माणूस येतो आणि म्हणतो, "काका, ती मोठी नको, तिची सवय लागते म्हणे. ती छोटी झोपेची द्या." झालं उलटंच! सवय त्या छोटीची लागते. मी नवी चिठ्ठी मागतो, तर पुढच्या चौकातल्या दुकानात जातात.

धाग्याच्या विषयावर माझं मत: सांगावं. डॉक्टरांनी नाही सांगितलं तर शेजारीण सांगते, आणि ती जास्त सांगते.

माईची_लेक

अबोलीताई, "बरं झालेल्या माणसाचं दुःख" हे वाक्य मला टोचलं. माझी आई ७१ वर्षांची. बाबा गेल्यावर तिला एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी सुरू केली. बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी आधीपासून होतीच. तिसऱ्या आठवड्यात ती भिंत धरून चालायला लागली. मग एके दिवशी तिने कुकरमध्ये तांदळाऐवजी चहापत्ती घातली आणि मला विचारलं, "हे गेले नाहीत का अजून ऑफिसला?"

आम्ही म्हटलं, धक्का आहे, वयही झालंय. रक्त तपासलं तेव्हा सोडियम ११८. पाहिजे १३५ च्या वर. म्हातारपणी या गोळ्यांनी सोडियम उतरू शकतं, आणि त्या बीपीच्या गोळीबरोबर जास्तच. हे डॉक्टरांना ठाऊक असणारच. आम्हाला "चालताना झोक जायला लागला तर रक्त तपासा" एवढं एक वाक्य मिळालं असतं, तर आयसीयूतले चार दिवस वाचले असते.

अबोली

माईची_लेक, ते वाक्य मागे घेते. तुमच्या आईबद्दल ते नव्हतं.

काल भावाला हा धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, "यादी नकोच होती. पण पहिल्या दोन आठवड्यांत बेचैनी वाढू शकते हे तुला सांगायला हवं होतं, मला नाही." पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा चौकटीतला इशारा अमेरिकेत २००४ पासून औषधावर छापतात म्हणे. आधी लहान मुलांपुरता होता, २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंत वाढवला. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आईने कडी काढली ती स्वतःच्या अकलेने.

तरी पेशंटला सगळंच सांगावं, हे मला अजून पटत नाही. घरच्यांना सांगा.

टेकडीवरचा

पण माझ्या बाबतीत घरचे म्हणजे बायकोच. तिला डॉक्टरांनी काय सांगायचं होतं, आणि मला बाहेर बसवून? शिवाय ३९ वर्षांच्या माणसाच्या औषधाचं त्याला न विचारता घरच्यांना सांगणं मला तरी चालणार नाही.

व्यनितून (खासगी निरोपातून) डोस विचारणाऱ्यांना: सांगणार नाही. माझी गोळी नव्या डॉक्टरांनी पाच महिन्यांत उतरवली, शेवटचे तुकडे तर अगदी चिमुकले. ब्लेडने करायचो, बायको चष्मा लावून बघायची सारखे झालेत का. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा.

केमिस्टकाका

ब्लेड कशाला? गोळी कापायचं यंत्र मिळतं, दीडशेच्या आत. पण लेप असलेली, सावकाश विरघळणारी गोळी कापू नका, आधी विचारा.

माईची लेक, माझीही बहीण ६८ ची आहे, परवाच सुरू झालीय तिची. सोडियम कितव्या दिवशी बघायला सांगितलं होतं नंतर?

माईची_लेक

काका, आता दुसऱ्या गोळीवर आहे, तिच्या वेळी दोन आठवड्यांनी बघितलं, मग महिन्याने. बहिणीची बीपीची गोळी कुठली आहे ते आजच बघा.