झोपण्यापूर्वीच्या दहा मिनिटांसाठी प्रार्थनापुस्तक सुचवा (लवकर)

मोहरीचा_दाणा
स्वतःसाठी एकच प्रार्थनापुस्तक हवं आहे. झोपण्यापूर्वी दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात व्हायला हवं. दोन घेऊन झाली. पहिल्याला पानखुणेच्या चार रिबिनी. आज कितवा आठवडा, कुठला काळ, कुठल्या संताचा दिवस हे शोधण्यात आठ मिनिटं जातात आणि उरलेली दोन मी चिडलेली असते. दुसरं छोटं आहे, पण त्यातल्या प्रार्थना म्हणताना आपण देवाशी खोटं बोलतोय असं वाटतं. रविवारपर्यंत ठरवायचंच आहे. 'बायबल वाचा' असं कृपया लिहू नका, ते वाचतेच. पुस्तकाचं नाव सांगा.

पारवा
कॅथलिक की प्रोटेस्टंट? कुठल्या भाषेत हवंय? एकटीने म्हणणार की घरच्यांबरोबर? आणि खोटं वाटतं म्हणजे नेमकं काय, ते कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

जुनी_वही
बुक ऑफ कॉमन प्रेअर, म्हणजे अँग्लिकन चर्चचं प्रार्थनापुस्तक, १६६२ची आवृत्ती. डोळे झाकून घ्या. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांचे ६० भाग केलेत, रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक, महिन्यात सगळी स्तोत्रसंहिता पूर्ण. तारीख बघायची, पान उघडायचं. महिना ३१ दिवसांचा असेल तर ३० तारखेचीच स्तोत्रं पुन्हा म्हणायची. रिबिनीचा प्रश्नच नाही.

सुतारपक्षी
दहा मिनिटांत? १५ तारखेच्या संध्याकाळी ७८वं स्तोत्र येतं, एकट्याचीच ७२ वचनं. २२ तारखेच्या संध्याकाळी १०९वं. शत्रूची मुलं पोरकी होवोत, बायको विधवा होवो, हे दमलेल्या माणसाने म्हणायचं आणि झोपायचं? त्यापेक्षा लिटर्जी ऑफ द अवर्स, म्हणजे कॅथलिकांच्या रोजच्या ठरलेल्या प्रार्थना, त्याची एकखंडी आवृत्ती बघा. स्तोत्रं चार आठवड्यांत फिरतात आणि ५८, ८३, १०९ ही तीन त्यांतल्या शापांमुळे घेतलेलीच नाहीत.

जुनी_वही
नेमकं तेच मला पटत नाही. माझ्यावर अन्याय झाला होता तेव्हा मी १०९ मोठ्याने म्हणायचो. तो संताप देवापुढे ओतला म्हणून माणसांवर निघाला नाही. शास्त्रात आहे ते प्रार्थनेतून काढून टाकायचा अधिकार कुणाला?

सुतारपक्षी
बायबलमधून कुणी काढलेलं नाही, रोजच्या पठणातून काढलंय. तुम्हाला त्या स्तोत्राने आधार दिला हे मान्य. पण सगळ्यांना रोज तेच पेलेल असं नाही.

मिठाचा_खडा
मुळात छापील प्रार्थना हव्यात कशाला? प्रभूशी आपल्या शब्दांत बोला. पाठ केलेले शब्द ओठांवरच राहतात.

ओलिव्ह
प्रभू येशूने वधस्तंभावर कुठले शब्द उच्चारले ते पाहा. मत्तय २७:४६ म्हणजे २२व्या स्तोत्राची सुरुवात, लूक २३:४६ हे ३१व्या स्तोत्रातलं. त्या घटकेला त्यालाही पाठ असलेले शब्दच जवळचे वाटले. मी ऑर्थोडॉक्स आहे. आमच्याकडे साल्टर, म्हणजे स्तोत्रसंहिता, २० भागांत वाचतात. आमचं घेतलंत तर एवढं लक्षात ठेवा, क्रमांक ग्रीक भाषांतराप्रमाणे असतात. तुमचं २३वं आमचं २२वं, ५१वं आमचं ५०वं. हे माहीत नसल्यामुळे मी सुरुवातीचे कित्येक आठवडे भलतीच स्तोत्रं वाचत होतो.

कागदी_होडी
पातळ कागदाचं असेल तर कव्हर घालताना चिकटपट्टी पुठ्ठ्याला लावू नका, कव्हरच्या कागदालाच लावा. नाहीतर वर्षभरात पुठ्ठ्याचा रंग निघून येतो.

पारवा
कव्हर कुणी विचारलं नाहीये. मोहरीताई, माझे प्रश्न राहिलेत.

मोहरीचा_दाणा
सांगते. जन्माने कॅथलिक, लग्नानंतर प्रोटेस्टंट मंडळीत जाते, त्यामुळे कुठलंही चालेल. इंग्रजी चालेल. एकटीच. मी रात्रपाळीत रुग्णसेवा करते, सकाळी आठला झोपते. रविवारपासून पुन्हा सलग रात्री आहेत. त्या छोट्या पुस्तकात सकाळी 'शांत झोपेतून उठवलंस म्हणून आभार' आणि झोपताना 'दिवस सरला, अंधार दाटला'. माझ्या खिडकीत ऊन असतं. परवा पहाटे एक रुग्ण गेले, आणि घरी येऊन मी शांत झोपेबद्दल आभार मानायचे? ते माझ्याच्याने होत नाही.

सुतारपक्षी
हे आधी कळायला हवं होतं, मी उगाच भांडत बसलो. तुम्हाला हवी आहे ती फक्त कम्प्लिन, झोपण्यापूर्वीची शेवटची प्रार्थना. लिटर्जी ऑफ द अवर्सच्या नियमांतच आहे की मध्यरात्र उलटून गेली तरी ती झोपण्यापूर्वी म्हणावी. घड्याळापेक्षा झोपेला धरून आहे ती. तेच सकाळी आठला लावायला मला तरी अडचण दिसत नाही. शिवाय पाठ व्हावं म्हणून रोज रविवारचीच स्तोत्रं म्हणायची मुभा आहे. म्हणजे एका दिवशी ४ आणि १३४, दुसऱ्या दिवशी ९१. रिबिनी सोडून द्या.

जुनी_वही
आणि हीच तीन स्तोत्रं संत बेनेडिक्टच्या मठवासीयांसाठीच्या नियमात रोज रात्रीसाठी ठरवलेली आहेत. बदल नाही, शोधाशोध नाही. माझी सूचना मागे घेतो. १६६२मध्ये कम्प्लिन वेगळी नाहीच, सायंप्रार्थनेत मिसळून गेली आहे. त्याच पुस्तकाची १९७९ची अमेरिकन आवृत्ती घ्या. तिच्यात कम्प्लिन स्वतंत्र आहे. स्तोत्रं ४, ९१, १३४ आणि ३१ची पहिली काही वचनं, शेवटी लूक २मधलं शिमोनाचं गीत. काही पानांत सगळं आटोपतं. (१०९बद्दल मात्र माझं मत तेच आहे.)

ओलिव्ह
९१व्यात फक्त रात्रीचं भय नाही. दिवसा सुटणारा बाण आणि भर दुपारची मरीही आहे. दिवसा झोपणाऱ्याने खुशाल म्हणावं. अंधाराचा उल्लेख असलेली गीतं गाळलीत तरी चालेल.

पारवा
१३४ उघडून बघा ताई. रात्री परमेश्वराच्या घरात उभे असणाऱ्या सेवकांना उद्देशून आहे ते.

मोहरीचा_दाणा
आत्ता वाचलं. तीनच वचनं. इतकी वर्षं डोळ्यांखालून गेलं असेल, कधी थांबले नाही. वहीत उतरवून घेतलंय, आज पाळीवरून आल्यावर हेच म्हणेन. १९७९ची मागवते. ती मोठ्या अक्षरांत मिळते का? आठ वाजेपर्यंत डोळे फार थकलेले असतात.