पार्ट डी आणि प्रवासातली औषधं
मेडिकेअर पार्ट डी (अमेरिकेतल्या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या, सरकारी आरोग्य विम्याचा औषधांचा भाग) असलं की अमेरिकेत कुठल्याही फार्मसीत औषध त्याच दरात मिळतं, असं काही जण म्हणतात. ते तितकंसं बरोबर नाही. आपल्या विमा प्लॅनच्या नेटवर्कमधलं, म्हणजे प्लॅनशी करार असलेलं, दुकान हवं, आणि नेटवर्कमध्येही 'प्रिफर्ड' दुकानात कोपे (किमतीतला आपण भरायचा वाटा) बरेचदा कमी असतो. नेटवर्कबाहेर आधी पूर्ण किंमत भरायची आणि मग प्लॅनकडे पैसे परत मागायचा क्लेम करायचा. तोही नाइलाज असेल तरच मंजूर होतो, आणि सगळे पैसे परत मिळतीलच असं नाही.

दुसरी गोष्ट व्हेकेशन ओव्हरराइडची, म्हणजे प्रवासासाठी औषध वेळेआधी भरून घ्यायला प्लॅन देतो त्या परवानगीची. आई दोन महिने भारतात जाणार होती. रक्तदाबाच्या गोळ्या आधीच भरून घ्यायला गेलो तर काउंटरवर 'रिफिल टू सून' (पुढचा साठा घ्यायला अजून लवकर आहे) म्हणून क्लेम परतला. आई गोळ्यांचा डबा हातात धरून उभी, चेहरा पार उतरलेला. फार्मासिस्ट बाई भली होती. तिने प्लॅनला फोन लावून प्रवासाच्या तारखा सांगितल्या, आणि नेहमीच्याच कोपेत पुढचा साठा मिळाला. प्रत्येक प्लॅनचे नियम वेगळे असतात, म्हणून कार्डामागच्या नंबरवर दोन-तीन आठवडे आधीच विचारा.

भारतात औषधं स्वस्त आहेत हे खरं, पण अमेरिकेबाहेर घेतलेल्या औषधांचे पैसे पार्ट डी देत नाही. पार्ट डीमध्ये औषधांवर वर्षभरात खिशातून होणाऱ्या खर्चाची जी कमाल मर्यादा आहे (२०२५ मध्ये २,००० डॉलर, २०२६ मध्ये २,१००), तिच्यातही ते धरत नाहीत.